प्रशिक्षक-परिवर्तन आणि विजेतेपद : नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा दाखला

संस्थेचा उत्कर्ष किंवा अपकर्ष तिच्या धुरीणाच्या नावे मांडण्याची सवय इतिहासलेखनास फार जुनी आहे. या सवयीची पारख करावयाची, तर जेथे यशापयश आकड्यांत नोंदलेले आहे आणि धुरीण बदलल्याची तारीख निश्चित आहे, असे क्षेत्र निवडणे सोयीचे. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हे असे एक क्षेत्र होय. (हा खेळ आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे, यात अंडाकृती चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढे जावयाचे असते.) संघ हरू लागला की प्रशिक्षक बदला, अशी हाकाटी तेथे दरवर्षी उठते. अशा बदलाने विजेतेपदाची शक्यता खरोखरच वाढते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘विजेतेपद’ या शब्दाविषयी एक खुलासा येथेच केला पाहिजे. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मतदानात जो संघ पहिला येई, तो राष्ट्रीय विजेता समजला जाई. प्रशिक्षकांचे मतदान पुढे निराळे होऊ लागल्याने कधी कधी एकाच वर्षी दोन विजेते ठरत. निवडक चार संघांची बाद फेरी २०१४ च्या हंगामापासून सुरू झाली आणि २०२४ मध्ये ती बारा संघांची झाली. म्हणजे जुन्या काळचे विजेतेपद काही अंशी मैदानावर आणि काही अंशी मतपत्रिकेवर मिळत असे.

नेब्रास्का विद्यापीठाची निवड करण्याचे कारण असे की, प्रशिक्षक बदलण्याचे दोन्ही परिणाम तेथे एकाच संस्थेच्या इतिहासात पाहावयास मिळतात. १९५७ ते १९६१ या पाच हंगामांत बिल जेनिंग्ज यांच्या संघाने १५ सामने जिंकले आणि ३४ गमावले. १९६२ मध्ये वायोमिंगहून बॉब डेव्हनी आले आणि पहिल्याच हंगामात नऊ विजय व दोनच पराजय अशी नोंद झाली. त्या काळच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यामुळे डेव्हनींच्या त्या संघातील बहुतेक गडी जेनिंग्ज यांनीच जमविलेले होते. खेळाडू तेच, फळ निराळे. प्रशिक्षकाच्या कर्तृत्वाचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागेल. तथापि विजेतेपद मिळावयास १९७० साल उजाडले. मध्यंतरी १९६७ व १९६८ या दोन्ही हंगामांत सहा विजय व चार पराजय अशी घसरण झाली, टीकाही झाली. परंतु डेव्हनी राहिले आणि १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे आली.

१९७३ मध्ये त्यांचे साहाय्यक टॉम ऑसबोर्न मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या पंचवीस हंगामांपैकी एकातही नवाहून कमी विजय नाहीत. पण ओक्लाहोमा या प्रमुख प्रतिस्पर्ध्यापुढे ते पहिली पाच वर्षे सतत हरले. २ जानेवारी १९८४ रोजी मायामीविरुद्धच्या सामन्यात अखेरच्या मिनिटात एक गुणाची सोपी किक मारली असती तर बरोबरी होऊन विजेतेपद बहुधा पदरात पडले असते. त्यांनी दोन गुणांचा धाडसी प्रयत्न केला, तो फसला, आणि सामना ३१–३० असा गेला. पहिले विजेतेपद त्यांना बाविसाव्या हंगामात, १९९४ मध्ये लाभले. त्यामागून १९९५ चे, आणि १९९७ चे मिशिगनसमवेत विभागून. आजच्या कोणत्या विद्यापीठाने एकवीस वर्षे वाट पाहिली असती, याची कल्पना वाचकांनीच करावी.

ऑसबोर्न यांचे वारस फ्रँक सोलिच हे डेव्हनींच्या संघातून खेळलेले व ऑसबोर्न यांच्या हाताखाली वाढलेले. सहा हंगामांत ५८ विजय व १९ पराजय हा त्यांचा हिशेब. २००१ च्या हंगामात त्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. २००२ मध्ये सात–सात अशी बरोबरी झाली. २००३ मध्ये नऊ विजय व तीन पराजय झाले असता नोव्हेंबरअखेर क्रीडा-संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी त्यांना दूर केले. संघाला मध्यम दर्जाकडे घसरू देणार नाही, असा पेडरसन यांच्या समर्थनाचा आशय होता. पुढील हंगामात नवे प्रशिक्षक बिल कॅलहन यांनी धावत्या आक्रमणाची जुनी पद्धती टाकून चेंडूफेकीची पद्धती आणली. धावण्यासाठी निवडलेल्या गड्यांना फेकीचा खेळ खेळावा लागला. पाच विजय, सहा पराजय : १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम! २००७ मध्ये पेडरसन व कॅलहन दोघेही गेले.

मात्र हा ऱ्हास केवळ बडतर्फीमुळे झाला, असे म्हणणे म्हणजे मूळ चूक उलट्या बाजूने करणे होय. प्रत्येक संघाच्या शिष्यवृत्तींची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १९९४ पर्यंत ८५ वर आली होती, त्यामुळे मोठा संच बाळगण्याचा जुना लाभ संपला. १९९६ मध्ये टेक्सासची विद्यापीठे त्याच गटात सामील झाली. विरळ वस्तीच्या नेब्रास्कास खेळाडू बाहेरून आणावे लागतात. टेक्सासचे तसे नाही.

ॲडलर, बेरी व डोहर्टी यांचे २०१३ मधील संशोधन येथे उपयोगी पडते. प्रशिक्षक बदललेल्या संघांची तुलना त्यांनी तशाच स्थितीतील, पण प्रशिक्षक न बदललेल्या संघांशी केली. अगदी तळच्या संघांत बदलाने फारसा फरक पडला नाही. मध्यम कामगिरीच्या संघांत तर बदलानंतरची वर्षे अधिक वाईट गेली. तळचा संघ बहुधा आपोआपच थोडा वर येतो, आणि त्याचे श्रेय नव्या माणसास मिळते. गॉल्टनने एकोणिसाव्या शतकात आईबाप व मुले यांच्या उंचीत पाहिलेले मध्याकडे परतणे ते हेच. डेव्हनींच्या १९६२ च्या यशातही त्याचा काही अंश असणारच. नऊ वर्षे टिकून आलेल्या विजेतेपदाचा उलगडा मात्र त्याने होत नाही.

उलट बाजूस ओक्लाहोमा व अलाबामा यांचे दाखले नेहमी दिले जातात. बॉब स्टूप्स १९९९ मध्ये आले आणि दुसऱ्याच हंगामात ओक्लाहोमा अजिंक्य राहून विजेता ठरला. निक सेबन २००७ मध्ये आले आणि २००९ मध्ये अलाबामा विजेता झाला. दाखले खरे आहेत. परंतु स्टूप्सपूर्वी त्याच ओक्लाहोमाने १९८९ ते १९९८ या दहा वर्षांत तीन प्रशिक्षक करून पाहिले होते, आणि १९९६ नंतर सेबन येईपर्यंत अलाबामानेही तेवढेच. त्या सहा नेमणुकांतून एकही विजेतेपद निघाले नाही. यशस्वी बदल तेवढा स्मरणात राहतो आणि मोजणी तेथूनच सुरू होते.

नेब्रास्काने पुढेही बदल थांबविले नाहीत. क्रीडा-संचालक होऊन परतलेल्या ऑसबोर्न यांनी नेमलेले बो पेलिनी सात हंगाम दरवर्षी नऊ वा दहा सामने जिंकत राहिले; ऑसबोर्न निवृत्त झाल्यावर, २०१४ मध्ये, त्यांनाही निरोप मिळाला. माइक रायली यांच्या वाट्यास १९ विजय व १९ पराजय आले. २०१८ मध्ये १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट प्रशिक्षक म्हणून घरी परतला, तेव्हा मोठा जल्लोष झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यास दूर केले, त्या वेळी त्याच्या खात्यावर १६ विजय व ३१ पराजय होते.