टाउन हॉलची एशियाटिक झाली
मुंबईच्या फोर्टात हॉर्निमन सर्कलपाशी रस्त्यावरून तीस पायऱ्या चढून गेलं की डोरिक खांबांची भलीमोठी रांग लागते. कागदोपत्री ही वास्तू टाउन हॉल. मुंबईकर मात्र तिला एशियाटिक म्हणतात, आणि तेच नाव तिला शोभतं.

१८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली; पुढे तीच एशियाटिक सोसायटी झाली. ग्रंथ ठेवायला आणि सभा भरवायला हक्काची जागा हवी, म्हणून टाउन हॉलची कल्पना निघाली. लॉटरी काढून पैसा उभा केला, तो पुरला नाही. अखेर सरकारने खर्च उचलला, पण कचेऱ्यांना इथे जागा द्यायची या अटीवर. इमारत पुरी व्हायला १८३३ साल उजाडलं.

आराखडा बॉम्बे इंजिनिअर्सच्या कर्नल थॉमस कूपर यांचा, वळण ग्रीक देवळाचं. खांबांना अंगभर उभ्या पन्हळी आहेत, माथा मात्र साधा, बिननक्षीचा. हे दगडी खांब विलायतेहून जहाजाने आले. ते इतके जाड निघाले, की जोडखांबांचा बेत सोडून एकेकच उभा करावा लागला आणि उरलेले भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला गेले, असं सांगतात.

आत गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि माल्कम यांचे संगमरवरी पुतळे आहेत. साहेबांच्या या दालनात पुढे जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेटही येऊन बसले. सोसायटीचं दार एतद्देशीयांना उशिराच उघडलं. १८४० साली माणकजी कर्सेटजी सभासद झाले, आणि पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय अध्यक्ष. वास्तूचं खरं मोठेपण इथून सुरू होतं.

१८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा एक दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, असं करत करत सगळ्यांत आत सोन्याची डबी. डबीत सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी श्रद्धेने जपलेले. हा ठेवा सोसायटीकडे आला.

महामहोपाध्याय पां. वा. काणे सोसायटीच्याच ग्रंथालयाचा आधार घेत धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत राहिले. पहिला खंड १९३० साली निघाला, पाचवा १९६२ साली. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं.