चुकलेला निवाडा आणि मधली वर्षे

न्यायासनाला आपलाच जुना निवाडा चुकीचा वाटू लागला, तर त्याने तो बाजूला सारावा की निमूटपणे पाळावा? प्रश्न वकिलांचा दिसतो. पण तो कामगाराच्या दाराशीही येऊन ठेपतो.

इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८९८ साली लंडन ट्रामवेज कंपनीच्या खटल्यात ठरवून टाकले की, आपला निवाडा आपल्यालाही बांधतो. एखाद्यावर अन्याय झाला तरी परवडेल, पण मिटलेला प्रश्न पुन्हा पुन्हा उकरला जाता कामा नये, असा लॉर्ड हॉल्सबरी यांचा रोख होता. त्यात तथ्य नाही असे नव्हे. रोज बदलणाऱ्या कायद्यावर विसंबून करार कोण करील? पण तीनच वर्षांनी, टॅफ व्हेल रेल्वेच्या खटल्यात, संपाचे नुकसान मजूर संघटनेच्या तिजोरीतून वसूल करता येते असा निवाडा त्याच सभागृहाने दिला. त्या दाराशी परत जाण्यात अर्थ उरला नव्हता. मजुरांनी मतपेटीची वाट धरली, आणि १९०६ साली पार्लमेंटने कायदा करून तो निवाडा निष्प्रभ केला. हाऊस ऑफ लॉर्ड्सने स्वतःच्या पायांतली बेडी सैल केली ती २६ जुलै १९६६ रोजी.

आपले सर्वोच्च न्यायालय तेथे अकरा वर्षे आधी पोचले. माल ज्या राज्यात वापरला जातो त्या राज्याला बाहेरच्या विक्रेत्याकडूनही विक्रीकर घेता येतो, असे त्याने १९५३ साली युनायटेड मोटर्सच्या खटल्यात म्हटले होते. ६ सप्टेंबर १९५५ रोजी, बेंगाल इम्युनिटी कंपनीच्या खटल्यात, सातांपैकी चार न्यायाधीशांनी ते चूक ठरवले. या न्यायालयाला त्याच्याच निवाड्याने जखडणारे घटनेत काही नाही, असे हंगामी सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी सांगितले. मग सरकारांनी आधी गोळा केलेल्या कराचे काय? १९५६ साली पार्लमेंटने कायदा करून १ एप्रिल १९५१ पासून निवाड्याच्या दिवसापर्यंतचा असा कर वैध ठरवला. सरकारी तिजोरीची मधली वर्षे अशी सावरली गेली.

आता दुसरी बाजू पाहा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील वॉर्डात काम करणाऱ्या दोघा सेवकांना भरपाई न देता कमी करण्यात आले. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने, असे रुग्णालय हा औद्योगिक कलह कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’च आहे असे म्हणून ती छाटणी बेकायदा ठरवली. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचा हा निवाडा हॉस्पिटल मजदूर सभेच्या नावाने ओळखला जातो. १९७० साली सफदरजंग हॉस्पिटलच्या खटल्यात सहा न्यायाधीशांनी तो चुकीचा ठरवला. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी, बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात, सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सफदरजंगचा निवाडा रद्द करून १९६० चा पुन्हा उभा केला. म्हणजे चूक कोणाची, हे आठ वर्षांनी ठरले. त्या आठ वर्षांत ज्या वॉर्डबॉयचे, ज्या आयांचे दावे ‘हा उद्योगच नव्हे’ एवढ्यावर निकालात निघाले, त्यांच्यासाठी १९५६ सारखा कायदा कोणी केला नाही.

म्हणून न्यायाधीशांनी आपली चूक दुरुस्त करूच नये असे मी म्हणणार नाही. करावी, पण मोठ्या पीठासमोर, जुन्या निवाड्याचे नाव घेऊन, उघडपणे. निवाडा कायम आहे असे म्हणत त्याला आडून बगल देण्याची जी चाल असते ती सर्वांत वाईट, कारण मग खालच्या न्यायालयाला आणि पक्षकारालाही आपण कोठे उभे आहोत हे कळत नाही. शिवाय दुरुस्तीच्या दिवशीच मधल्या वर्षांचा हिशेबही व्हावा. तो फक्त तिजोरीवाल्यांचा होऊ नये.

‘उद्योगा’चा वाद त्यानंतरही मिटला नाही. इस्पितळांना वगळणारी दुरुस्ती पार्लमेंटने १९८२ साली मंजूर केली, पण ती व्याख्या अमलात आणलीच गेली नाही. २००५ साली पाच न्यायाधीशांनी १९७८ च्या निवाड्याचाच फेरविचार व्हावा असे म्हटले, आणि २०१७ साली प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे सोपवण्यात आला. जे. जे. च्या त्या दोघा सेवकांचा निकाल लागून तेव्हा ५७ वर्षे झाली होती.