घरी काडतूस भरायचं किट घ्यावं का? आधी कायदा, मग नेमबाजीचं पहिलं सामान

मागच्या महिन्यात पोलादपूरहून मावसभावाचा मेसेज आला. सोबत एका विदेशी वेबसाइटची लिंक होती. "दादा, हा प्रेस मागवू का? बाबांच्या बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या पडल्यात. व्हिडिओत बघितलं, पुन्हा भरता येतात. एवढे पैसे वाचतील."

त्याच्या वडिलांकडे पीकसंरक्षणाची लायसन्सची बंदूक आहे. महाड-पोलादपूरच्या वाडीवस्तीवर रानडुकरांचा त्रास नवा नाही, त्यामुळे बंदूक बऱ्याच घरांनी पाहिलेली असते. पण मी त्याला लगेच फोन केला आणि पहिलं वाक्य बोललो ते हे: "ऑर्डर केली असशील तर आत्ता कॅन्सल कर." का, ते या लेखात सांगतो. आणि नेमबाजीची खरी आवड असेल तर पहिलं सामान काय घ्यायचं, तेही.

रीलोडिंग म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात: पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आतली दारू आणि पुढे गोळी किंवा छर्रे. बार उडाला की पुंगळी उरते. तिला पुन्हा आकार देऊन बाकीचे तीन भाग नव्याने बसवणं म्हणजे रीलोडिंग. अमेरिकेत हा छंद आहे, म्हणून यूट्यूबवर त्याचे ढिगाने व्हिडिओ सापडतात. व्हिडिओ आपल्या मोबाइलवर दिसतो, पण तिथला कायदा आपल्याकडे लागू होत नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ चालतो. त्यातले तीन मुद्दे लक्षात ठेवा.

१. कलम ५ प्रमाणे लायसन्सशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. बंदूक बाळगायचं लायसन्स वेगळं आणि दारूगोळा बनवायचं वेगळं. पहिलं असलं म्हणजे दुसरं आपोआप मिळत नाही.

२. कायद्यातल्या 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे लिंकमधला तो प्रेस दिसायला साधं लोखंडी हत्यार असला, तरी कायद्याच्या नजरेत तो 'सामान' नाही, दारूगोळा आहे. भाऊ इथेच फसणार होता.

३. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन्स बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. वर दंड. दारूसाठी स्फोटकांचा १८८४ चा कायदा आहेच.

धोक्याचा हिशोबही बघा. दारूचं माप थोडं चुकलं तर नळी फुटते, आणि ती चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते. त्यामुळे काडतुसं लायसन्सवर, अधिकृत दुकानातूनच घ्यायची. रिकाम्या पुंगळ्यांचं काय करायचं ते त्याच दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्यात विचारायचं.

मग आवड असेल तर? एअर रायफल

याचं सरळ उत्तर आहे १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. यात दारू नसते, दाबलेल्या हवेने शिशाचा छर्रा सुटतो. हा ऑलिम्पिकचा खेळ आहे आणि महाराष्ट्राचा त्यात दबदबा आहे. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात फायनलला पोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण केले. आपल्या रायगडच्याच पनवेलमध्ये त्या लक्ष्य शूटिंग क्लब चालवतात. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ५० मीटर रायफलचं ब्राँझ घेऊन आला.

लायसन्स लागतं का? आर्म्स रूल्स, २०१६ प्रमाणे छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत आणि नळीचं माप ४.५ मिमीपर्यंत (यालाच .१७७ म्हणतात) असेल तर नाही. दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. .२२ ची एअरगन या सवलतीत बसत नाही.

जाहिरातीतला 'एफपीएस' तपासा

जाहिरातीत ज्यूल क्वचित लिहितात, '१००० एफपीएस' मात्र मोठ्या अक्षरात असतं. हा आकडा म्हणजे सेकंदाला किती फूट. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब करू. सूत्र नववीचंच आहे: ऊर्जा = अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग.

१००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. नेहमीचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा, म्हणजे ०.०००५३ किलो. ०.५ × ०.०००५३ × ३०५ × ३०५ केलं की साधारण २४.६ ज्यूल येतात. मर्यादा ओलांडली! आता ०.३५ ग्रॅमचा हलका छर्रा धरा. उत्तर १६ च्या आसपास येतं. जाहिरातीतला वेग बरेचदा अशा हलक्या छर्ऱ्यावर मोजलेला असतो. म्हणून दुकानदाराला थेट विचारा, "ज्यूल किती? कागदावर द्या." स्पर्धेच्या रायफलला एवढा वेग लागतही नाही. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरने गेला तर ऊर्जा जेमतेम ८ ज्यूल होते.

कोणती घ्यायची?

स्प्रिंगवाली (नळी मोडून भरायची): स्वस्त, बाहेरून हवा भरायची भानगड नाही. पण चाप ओढला की आतला पिस्टन धावतो आणि बंदूक पुढे-मागे दोन्हीकडे हादरते. छर्रा न घालता उडवू नका, पिस्टन खराब होतो. भरताना नळी हाताने घट्ट धरा, नाहीतर झटक्यात मिटून बोटं चेमटतील. साधी दुर्बीण या हादऱ्याने लवकर बिघडते, आणि १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतही नाही.

पीसीपी (हवेच्या सिलिंडरची): हादरा जवळजवळ नाही, स्पर्धेत हीच असते. सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत हवा भरतात. स्पर्धेची आयात रायफल लाखाच्या पुढे जाते. जुनी घेताना सिलिंडरवर ठोकलेली तारीख आधी बघा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर भरू नका.

माझा सल्ला: पहिले तीन महिने काहीच विकत घेऊ नका. क्लबची रायफल वापरा. महाडहून पनवेल रोज जमणार नाही हे मान्य, पण सुट्टीत बॅच करता येते. तेवढ्यात रायफल जमतेय की पिस्तूल, हे कळतं आणि चुकीच्या खरेदीचे पैसे वाचतात.

घरच्या सरावाचं पहिलं सामान

• चपट्या तोंडाचे ४.५ मिमी छर्रे. कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण मोजणं सोपं जातं.
• स्पर्धेची टार्गेट कार्डं. रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो.
• लोखंडी पेलेट ट्रॅप. जांभ्याच्या चिऱ्यावर थेट मारू नका, छर्रा उसळून परत येतो.
• संरक्षक चष्मा, नेमबाज आणि बघणारा दोघांनाही.
• मोबाइल स्टँड. चाप ओढतानाचं बोट स्लो मोशनमध्ये शूट करा, झटका लगेच दिसतो.

तो झटका किती महाग पडतो? नळी अंशाच्या फक्त दहाव्या भागाने हलली तरी १० मीटरवर छर्रा १७ मिमी सरकतो. म्हणजे दहाऐवजी चार गुण!

कोकणातली काळजी

आपल्याकडच्या पावसात नळीला दोन दिवसांत गंज धरतो. वापर झाला की तेलाचा हलका हात फिरवा, दमट फोमच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. जुलै २०२१ चा महाडचा पूर आठवतोय ना? खालच्या मजल्यावर ठेवूच नका. वर, कुलपात, छर्रे वेगळे. शिसं विषारी आहे, सरावानंतर साबणाने हात धुवा.

आणि एअरगन घेऊन वानरांमागे किंवा पाखरांमागे जायचं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली तो गुन्हा आहे, शिवाय छर्ऱ्याने जनावर जागच्या जागी मरत नाही, तडफडतं.

विकत घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, पक्कं बिल घ्या, ते जपून ठेवा. वय १८ पेक्षा कमी असेल तर खरेदी पालकांनी करायची आणि सराव मोठ्यांसमोर. शंका आली तर जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा, विचारण्यात कमीपणा नाही.

भावाने ऑर्डर दिली नव्हती, थोडक्यात वाचला. दिवाळीच्या सुट्टीत तो पनवेलला जाऊन बघणार आहे. रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी मात्र मामांनी त्याच दिवशी त्याच्या हातातून काढून घेतली आणि दुकानदाराकडे नेली.