गॅरेजमधला सेट: एडमंटन, ऑक्टोबर २००८

खुनाच्या आठ आठवडे आधी. कॅनडातल्या एडमंटन शहरातला मार्क ट्विचेल, वय २९, होतकरू दिग्दर्शक. फेसबुकवर लिहितो की डेक्स्टर मॉर्गनमध्ये आणि आपल्यात जरा जास्तच साम्य आहे. हा डेक्स्टर अमेरिकी मालिकेचा नायक: नोकरी मायामी पोलिसांत, रक्ताच्या डागांचा तज्ज्ञ म्हणून, रात्रीचा उद्योग खुन्यांचे खून. चाहते असं लिहितातच. त्या दिवशी त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

२८८ तास आधी. रविवार, २८ सप्टेंबर. अमेरिकेत ‘डेक्स्टर’चा तिसरा सीझन सुरू होतो. त्याच सुमारास ट्विचेल मिल वुड्स भागात भाड्याने घेतलेल्या गॅरेजमध्ये एक लघुपट चित्रित करतो, ‘हाऊस ऑफ कार्ड्स’. (याच नावाच्या राजकीय मालिकेशी त्याचा संबंध नाही.) कथा अशी: हॉकीचा मुखवटा घातलेला खुनी डेटिंग साइटवरून पुरुषांना गॅरेजमध्ये बोलावतो आणि मारतो. शूटिंग आटोपतं. गॅरेज ट्विचेलकडेच राहतं.

१६८ तास आधी. शुक्रवार, ३ ऑक्टोबर, संध्याकाळ. डेटिंग साइटवरच्या एका बाईला भेटायला एक तरुण त्या गॅरेजमध्ये शिरतो. बाई नाहीच, ते प्रोफाइल ट्विचेलने रचलेलं. मागून मुखवटा घातलेला माणूस विजेचा झटका देणारा दंडुका घेऊन अंगावर येतो, मग पिस्तूल रोखतो. तरुण जमिनीवर पडतो, डोळ्यांवर चिकटपट्टी बसते. मरायचंच असेल तर झुंजून मरू, असं ठरवून तो पट्टी ओढून काढतो, पिस्तुलाला हात घालतो आणि लक्षात येतं, हे तर प्लॅस्टिकचं! झटापट करून तो गल्लीत सुटतो. तिथून चाललेलं एक जोडपं त्याला पाहतंही.

पण पोलीस त्या दारात आले नाहीत. ऑनलाइन भेटीला जाऊन असं फसलो हे सांगायची त्या तरुणाला लाज वाटली. त्याला दोष देववत नाही. पण खून टळला असता तर तो या आठवड्यात.

काही तास आधी. १० ऑक्टोबर, पुन्हा शुक्रवार. आता बाईचं नाव वेगळं, पुरुष वेगळा: वय ३८. तो निघण्याआधी एक साधी गोष्ट करतो. ‘तिने’ पाठवलेला गॅरेजचा रस्ता मित्रांना ईमेलने कळवून ठेवतो.

शून्य. या वेळी ट्विचेलच्या हातात पाइप असतो. आत टेबल आणि प्लॅस्टिकचं आच्छादन, डेक्स्टर जिथे खून करतो त्या खोलीसारखंच.

७२ तासांनंतर. मित्रांना मृताच्या ईमेलवरून निरोप येतो: एक विलक्षण बाई भेटली, तिच्याबरोबर लांबच्या सुट्टीवर निघालोय. मित्रांना पटत नाही. ते त्याच्या घरात घुसतात, तर पासपोर्ट घरातच. इथे पटकथा फसली. पडद्यावरच्या बळींमागे सहसा विचारपूस करणारं कुणी नसतं. याच्यामागे होतं, आणि त्यांच्याकडे पत्ताही होता.

त्या पत्त्यावरून पोलीस ट्विचेलपर्यंत पोचतात. तो सांगतो की मृताची लाल माझदा गाडी आपण एका अनोळखी माणसाकडून ४० डॉलरला घेतली. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी, त्याला अटक होते. लॅपटॉपमधून पुसलेला मजकूर पोलीस परत मिळवतात: सिरियल किलर होण्याच्या आपल्या वाटचालीचा वृत्तान्त, ३ तारखेच्या फसलेल्या प्रयत्नासकट. कोर्टात तो म्हणाला, सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी रचलेली गंमत हाताबाहेर गेली आणि मी स्वतःचा बचाव केला. ज्यूरीला ते पटलं नाही.

मालिकेने त्याला खुनी बनवलं, असं मी म्हणणार नाही. लाखोंनी ती पाहिली आणि कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही. पण मारायची इच्छा असलेल्या माणसाला तिने तयार नेपथ्य दिलं आणि मिरवायला एक नायक दिला, हे नाकारता येत नाही. ट्विचेल स्वतः मात्र हा प्रभाव नाकारत आला.

एप्रिल २०११ मध्ये त्याला जन्मठेप झाली, २५ वर्षं पॅरोल नाही. पुढे तुरुंगात त्याने टीव्ही विकत घेतला आणि ‘डेक्स्टर’चे राहिलेले भाग पाहून काढले.