सेक्टर क्रमांक सतरा

काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘नॉन-सिस्टम डिस्क ऑर डिस्क एरर’. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर हाताळला, त्यांच्या पोटात या वाक्याने एकदा तरी गोळा आणला असेल. मशीन मेलं, असाच पहिला समज व्हायचा. खरं तर ते वाक्य मशीनचं नसायचंच. आदल्या रात्री ड्राइव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीवर ते लिहिलेलं असायचं.

डॉसमध्ये फ्लॉपी फॉरमॅट केली की तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटांच्या पहिल्या कप्प्यात, एक इवलासा प्रोग्रॅम बसायचा. फ्लॉपीवर डॉसच्या दोन मूळ फाइली आहेत का हे पाहायचं, नसतील तर हे वाक्य छापायचं आणि थांबायचं, एवढंच त्याचं काम. म्हणजे वाक्य दिसलं याचा अर्थ ड्राइव्ह फिरला, फ्लॉपी वाचली गेली, प्रोग्रॅम चालला. जाणता दुरुस्तीवाला म्हणूनच आधी फ्लॉपी बाहेर काढायचा आणि मग कळ दाबायचा. डिस्कवरून बूट न होणाऱ्या मशीनकडे पाहण्याची सगळी रीत यातच आहे: पडद्यावर दिसतंय ते कोण बोलतंय, हे आधी ओळखायचं.

‘बूट’ हा शब्द मात्र थेट पायातल्या बुटावरून आला. उंच चामडी बुटांना मागे एक पट्टी असते, बूट ओढून चढवण्यासाठी. इंग्रजीत तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणं, हा वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकात अशक्य गोष्टीसाठी वापरत. आपल्याकडच्या जुन्या तत्त्वचर्चेत याचा सख्खा भाऊ सापडतो: डोंबाऱ्याचं पोर कितीही तरबेज असलं, तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही.

कॉम्प्युटरपुढे नेमका हाच पेच होता. प्रोग्रॅम स्मृतीत आणायचा तर तो आणणारा दुसरा प्रोग्रॅम आधी स्मृतीत हवा. तो कोण आणणार? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या ७०१ या यंत्रावर ‘लोड’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की यंत्र कार्डावरून, टेपवरून किंवा ड्रमवरून एकच शब्द उचलायचं आणि त्याच्या अर्ध्या भागाला आज्ञा मानायचं. त्या आज्ञेने पुढचे शब्द आत यायचे आणि त्यांच्यामागून सगळा प्रोग्रॅम. चिमूटभर विरजणाने पातेलंभर दही लागावं, तसं.

१९७५ च्या अल्टेअर ८८०० वर हे विरजण माणसाने हाताने घालायचं होतं. पुढच्या पट्टीवरचे स्विच वर-खाली करून एकेक बाइट भरायचा. एक स्विच चुकला तरी सगळं बिघडायचं. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी बेसिक लिहिलं आणि ते दाखवायला ॲलन विमानाने अल्बुकर्कीला निघाले. कागदी टेपवरचं बेसिक आत घेणारा लोडर लिहायचाच राहिला आहे, हे त्यांच्या विमानात लक्षात आलं. त्यांनी तो उतरता उतरता कागदावर लिहून काढला. तिथे गेल्यावर तो स्विचांनी भरला, टेप लावली, आणि बेसिक चाललं.

या कुळातली सर्वांत सुंदर गोष्ट फ्लॉपीची आहे. ती पत्रं किंवा हिशेब साठवायला जन्मली, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत ती तयार झाली ती मोठ्या यंत्रांना चालू होतानाच अंतर्गत सूचना पुरवण्यासाठी. १९७१ मध्ये बाहेर पडलेली पहिली फ्लॉपी आठ इंची होती, तिच्यात जेमतेम ८० किलोबाइट मावत आणि ग्राहकाला ती फक्त वाचता येई. बूट करणं हे फ्लॉपीचं जन्मकर्म. साठवण नंतर आली.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला आणि रीत पक्की झाली. वीज मिळताच मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस जागा होतो, स्मृती आणि कीबोर्ड तपासतो, मग डिस्कचा पहिला सेक्टर स्मृतीत ठरलेल्या पत्त्यावर ठेवतो आणि सूत्रं त्याच्या हाती देऊन बाजूला होतो. पुढे त्या सेक्टरच्या शेवटच्या दोन बाइटांना खुणेचा मान मिळाला. षोडशमान पद्धतीत ती ५५ एए; सुट्या बिटांत ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. या दोन बाइटांपलीकडे कसलीही ओळख विचारली जात नव्हती. या भोळ्या विश्वासाचा फायदा १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेल्या ‘ब्रेन’ विषाणूने घेतला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच जाऊन बसायचा.

सीडीची गाठ मात्र सुटता सुटेना. १९८५ मध्ये लेक टाहोच्या काठावरच्या हाय सिएरा हॉटेलात कंपन्यांचे प्रतिनिधी जमले आणि सीडीवर फाइली कशा मांडायच्या, यावर त्यांनी एकमत केलं. त्यातूनच १९८८ चं आयएसओ ९६६० हे प्रमाण आलं. ‘आयएसओ फाइल’ हे नाव तिथलंच. त्या मंडळींनी दूरदृष्टीने सुरुवातीचे १६ सेक्टर मोकळे सोडले. पण बायोसला सीडी ठाऊकच नव्हती. सीडी वाचायला ड्रायव्हर लागे आणि ड्रायव्हर असे फ्लॉपीवर. विंडोज ९५ ची सीडी हाती असूनही कोऱ्या मशीनला आधी बूट फ्लॉपी शोधावी लागे, ती याचमुळे.

तोडगा जानेवारी १९९५ मध्ये निघाला. फीनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांच्या अभियंत्यांनी कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनमध्ये एल टोरिटो नावाच्या मेक्सिकन उपाहारगृहात बसून तो आखला असं सांगतात, आणि प्रमाणाला नाव दिलं तेच. त्यांची युक्ती वेशांतराची होती. सीडीच्या सेक्टर क्रमांक १७ मध्ये एक नोंद असते. ती एका यादीकडे बोट दाखवते, आणि यादी सीडीवर दडलेल्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीच्या प्रतिकृतीकडे. बायोस त्या प्रतिकृतीलाच ‘ए’ ड्राइव्ह समजतो. खरी फ्लॉपी असलीच, तर ती ‘बी’ होते. विनावेश बूट होण्याची सोयही त्याच प्रमाणात होती आणि पुढे तीच रूढ झाली. पण जुन्या यंत्रांना न मोडता नवी वस्तू त्यांच्या गळी उतरवायची, हे या माणसांनी फार समंजसपणे साधलं.

सीडीवरून बूट न होण्याचं सर्वांत घरगुती कारणही इथेच समजतं. कोणी लिनक्सची आयएसओ फाइल उतरवतो, कोऱ्या सीडीवर ओढून टाकतो, राइट करतो. सीडी उघडून पाहिली की आत एकच गलेलठ्ठ फाइल. इथे चुकलं. सेक्टर १७ ची नोंद त्या फाइलच्या पोटात राहिली, सीडीच्या सेक्टर क्रमांक १७ वर आलीच नाही. बायोस तिथे जाऊन रिकाम्या हाताने परततो. ‘बर्न इमेज’ निवडलं असतं तर फाइलमधला प्रत्येक सेक्टर आपापल्या जागी बसला असता. भारतात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सच्या सीडी मिळत, त्यांचं मोल यासाठीही होतं. ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर ७०० मेगाबाइट उतरवायला, लाइन एकदाही न तुटता, सुमारे २८ तास लागले असते.

विंडोज एक्सपीच्या सीडीवर ‘प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी’ ही ओळ यायची. तीही सीडीवरच्या प्रोग्रॅमचीच. ती दिसली तर ड्राइव्ह, केबल आणि बूट ऑर्डर तिघंही निर्दोष. ती दिसलीच नाही, तर बायोसमध्ये शिरून क्रम पाहायचा. क्रम लावूनही वीज गेली की पुन्हा हार्ड डिस्क पहिली येत असेल आणि घड्याळही मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते.

आता बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे. ते पहिल्या सेक्टरवर भिस्त ठेवत नाही. ठरलेल्या फोल्डरमधली ठरलेली फाइल शोधतं, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून सर्रास आलेलं सिक्युअर बूट चालू असेल तर तिची सहीही तपासतं. जुनी धडधाकट सीडी नव्या लॅपटॉपला दिसत नाही, कारण तिच्या यादीत नोंद एकच, बायोससाठीची. नव्या सीडींच्या यादीत यूईएफआयसाठी आणखी एक नोंद घालतात. हाय सिएरात मोकळ्या सोडलेल्या त्या १६ सेक्टरांनाही आता भाडेकरू मिळाला आहे: लिनक्सच्या अनेक आयएसओ फाइलींत तिथे हार्ड डिस्कला शोभेल असा बूट सेक्टर ठेवतात, त्यामुळे तीच फाइल पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली तरी बूट होते.

अशी एखादी ताजी आयएसओ हेक्स एडिटरमध्ये उघडून १७ गुणिले २०४८, म्हणजे ३४,८१६ या जागेवर जावं. एक शून्य, ‘सीडी००१’ ही खूण, आणि पुढे मोठ्या रोमन अक्षरांत त्या उपाहारगृहाचं नाव: एल टोरिटो स्पेसिफिकेशन.