मागील पानावरून पुढे

हायड्रेंजिया हे फूल मराठी माणसाला बहुधा उटीला किंवा दार्जिलिंगला भेटतं. कोबीच्या गड्ड्याएवढा निळा झुबका पाहून मंडळी हरखतात, त्याला खेटून फोटो काढतात आणि परतीच्या प्रवासात एक कुंडी मांडीवर घेऊन बसतात. पुढची कथा सगळ्यांची सारखीच. पानं येतात, भरपूर येतात, तळहातापेक्षा मोठी येतात. फूल मात्र येत नाही. आपल्याकडचा उकाडा हे त्याचं एक कारण आहेच. पण कुणाला बरं वाटणार असेल तर सांगतो, ज्यांना गारवा फुकट मिळतो त्या इंग्रज-अमेरिकनांचीही हीच रड आहे. 'झाड आहे, फूल नाही' या एका तक्रारीवर तिकडे बागकामाच्या कितीतरी लेखकांची चूल पेटते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. झाडांशी संबंध म्हणाल तर कुंडीला पाणी घालण्यापुरता. पण या फुलाचा इतिहास वाचायला घेतला आणि पहिल्या दहा पानांतच घरच्यासारखं वाटू लागलं. कारण हा इतिहास बागेचा कमी आणि खतावणीचा जास्त आहे. भलत्याच नावावर उघडलेली खाती, दुसऱ्याच लेजरमध्ये पडलेल्या नोंदी, आणि जिचं देणं राहून गेलं अशी एक खातेदार.

घोळ नावापासूनच आहे. १७३९ साली ग्रोनोव्हियस नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या एका रानटी झुडपाला 'हायड्रेंजिया' म्हटलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पाण्याचं भांडं. झुडपाचं बोंड तसं दिसतं, एवढंच कारण. आपला झुबकेवाला हा त्याचा लांबचा चुलतभाऊ. तो जपानात 'अजिसाई' या नावाने सुखाने नांदत होता आणि तिथल्या पावसाळ्यात फुलत होता. पण आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या थोरल्या जपानी काव्यसंग्रहात त्याचा उल्लेख जेमतेम दोन कवितांत आहे. रंग बदलणारं फूल कवींना भरवशाचं वाटलं नसावं.

फ्रेंचांनी त्याला 'हॉर्टेन्सिया' म्हटलं. हे नाव कोमेरसाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाकडे जातं. ते नेपोलियनची सावत्र मुलगी हॉर्टेन्स हिच्यावरून पडलं, असं हौशी लोक छातीठोक सांगतात. कोमेरसाँ वारला १७७३ साली आणि ही हॉर्टेन्स जन्मली १७८३ साली. खातेदाराच्या जन्माआधी दहा वर्षं खातं उघडण्याची सोय आमच्या बँकेने अजून तरी केलेली नाही.

त्या काळी जपानने युरोपियनांना दार बंद केलं होतं. फट होती ती एकच: नागासाकीच्या बंदरातलं देजिमा हे पंख्याच्या आकाराचं कृत्रिम बेट. १६४१पासून डच व्यापाऱ्यांना तिथे कोंडून ठेवलेलं होतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायला दोन मिनिटं पुरावीत, एवढाच त्याचा पसारा. डचांचे डॉक्टर म्हणून इथे जे नामांकित लोक आले, ते डच नव्हतेच. १७७५ साली आलेला थुनबर्ग स्वीडिश होता. त्याला बेटाबाहेर हिंडायची फारशी मोकळीक नव्हती. म्हणून बेटावरच्या जनावरांसाठी येणारा चारा उपसून तो त्यातून वनस्पती वेचायचा. १७८४ साली त्याने आपल्या फुलाची नोंद केली, पण ती व्हायबर्नम नावाच्या वेगळ्याच झाडाच्या खात्यावर. शिवाय विशेषण लावलं 'मॅक्रोफायलम', म्हणजे मोठ्या पानांचं. एवढा झुबका समोर असताना या गृहस्थाने नाव ठेवलं ते पानांवरून! पुढे घरोघरी काय होणार हे त्याला तेव्हाच दिसलं असावं.

१७८९च्या सुमारास सर जोसेफ बँक्स यांनी चीनमधून आलेलं रोप लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोचवलं. (आडनाव पाहता हे काम त्यांच्याकडेच जायचं होतं.) आणि तिथून इंग्रजांच्या डोक्याला ताप सुरू झाला. एकाच झाडाची फांदी एका अंगणात निळी फुलायची, शेजारच्या अंगणात गुलाबी. कुणी मुळाशी गंजके खिळे पुरले, कुणी तुरटीचं पाणी घातलं. खिळ्यांचा काही उपयोग नव्हता, तुरटीचा होता. दोन्ही रंगांतलं रंगद्रव्य एकच असतं. माती आम्लधर्मी असली की तिच्यातलं अॅल्युमिनियम विरघळतं, मुळांवाटे फुलात पोचतं आणि फूल निळं होतं. तुरटीत अॅल्युमिनियम असतं. दाढीनंतर गालावर फिरवायची वस्तू फुलाचाही रंग पालटते, हे कळल्यापासून मी तुरटीच्या खड्याकडे जरा आदराने पाहतो.

पण रंग बदलायला आधी फूल तर यायला हवं! तिथेच या झाडाचा खरा हिशेब आहे, आणि तो मला एका वाचनात कळला, कारण आयुष्यभर मी तोच करत आलोय. मोठ्या पानांचा हायड्रेंजिया यंदाची फुलं यंदा तयार करत नाही. उन्हाळा सरता सरता, रात्री गार होऊ लागल्या की फांदीच्या टोकाशी तो पुढच्या वर्षाची कळी धरतो, ती हिवाळाभर मिटून ठेवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात उघडतो. म्हणजे समोर दिसणारं फूल हे चालू खात्यातलं नव्हे, ती मागच्या वर्षीची शिल्लक असते. मागील पानावरून पुढे आणलेली. आता टापटिपीचा गृहस्थ काय करतो? हिवाळ्यात कात्री घेऊन वाळक्या काटक्या साफ छाटतो. त्या काटक्यांच्या टोकालाच वर्षाची सगळी ठेव असते. मुदतीआधी मोडलेल्या ठेवीवर निदान मुद्दल तरी परत मिळतं. इथे तेही नाही. मग उरतो वसंतातला अवकाळी गारठा, तो उघडत्या कळ्या मारतो. आणि नत्राचं खत फार झालं, की झाड पानांचाच संसार थाटतं. यावर उपाय म्हणाल तर तोही हिशेबाचाच: छाटायचंच असेल तर फूल ओसरलं की लगेच छाटावं, नव्या कळ्या धरायच्या आत. त्यानंतर कात्री कुलपात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच बागवानांनी नवनव्या जाती काढल्या आणि हे फूल कुंडीत बसून दुकानात आलं. बागवान कुंड्या काही आठवडे गारव्यात ठेवतात, मग उबेला आणतात, आणि ऐन सणाला त्या फुलवतात. ही शिल्लक त्यांची असते. गिऱ्हाईक ती एका वर्षात खर्च करून मोकळं होतं. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही फांद्यांवर फुलणारं एक झाड १९९८ साली मायकेल डर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने मिनेसोटातल्या एका रोपवाटिकेत हेरलं. २००४ साली ते 'एंडलेस समर' नावाने बाजारात आलं. आमच्या भाषेत त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणता येईल.

आता त्या राहून गेलेल्या देण्याची गोष्ट.

१८२३ साली देजिमावर आणखी एक डॉक्टर उतरला: फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड. हा जर्मन. त्याचं डच ऐकून जपानी दुभाष्यांनाच शंका आली. तेव्हा 'हे डोंगराळ भागातले डच आहेत' असं सांगून वेळ मारून नेण्यात आली. हॉलंडात डोंगर नाही हे जपान्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून वनस्पतिशास्त्राचं भलं झालं. सीबोल्डने नागासाकीबाहेर नारुताकीला जपानी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकाची शाळा काढली, झाडं गोळा केली, आणि कुसुमोतो ताकी नावाच्या तरुणीशी संसार मांडला. देजिमावर जपानी बायकांपैकी फक्त गणिकांना प्रवेश होता. तिचं नावही त्याच यादीत होतं. १८२७ साली त्यांना मुलगी झाली, इने.

पुढच्याच वर्षी सीबोल्डकडे जपानचे नकाशे सापडले. नकाशे परदेशी माणसाला देणं हा तिथे भयंकर गुन्हा होता. ते देणारा सरकारी अधिकारी तुरुंगात मेला. १८२९च्या अखेरीस सीबोल्डला हाकलून देण्यात आलं. मायलेकी मागे राहिल्या. हॉलंडला जाऊन त्याने जपानी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि त्यात या फुलाला नाव दिलं 'हायड्रेंजिया ओताक्सा'. ओ-ताकी-सान, म्हणजे 'ताकीबाई'चं ते रूप. ग्रंथात मात्र तिचा उल्लेख नाही. जपानी लोक याला ओताक्सा म्हणतात, एवढीच नोंद. पुढे माकिनो तोमितारो या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने चौकशी केली, तेव्हा असं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोचं नाव गुपचूप घुसवलं म्हणून तो चांगलाच संतापला.

ही गोष्ट मी घरी जेवताना रंगवून सांगितली. मला वाटलं, ही विरघळेल. ती म्हणाली, "अहो, फुलाला नाव दिलं ते ठीक. पोरीचं काय केलं?"

"जाताना विद्यार्थ्यांना सांगून गेला होता, लक्ष ठेवा म्हणून."

"आणि ठेवलं त्यांनी?"

ठेवलं. निनोमिया केइसाकु नावाच्या त्याच्या विद्यार्थ्याने इनेला वैद्यक शिकवलं. सीबोल्डच्या शाळेत तयार झालेल्या इतरांनीही शिकवलं. पाश्चात्त्य वैद्यक शिकून डॉक्टरकी करणारी जपानमधली पहिली स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. १८७३ साली सम्राटाच्या घरातल्या बाळंतपणालाही तिला बोलावलं होतं. सरकारने झाड मुळाशी छाटलं, पण कळ्या आधीच धरलेल्या होत्या.

"म्हणजे विद्यार्थ्यांनी सांभाळलं," ही आमटी वाढत म्हणाली. "फुलानं नाही."

बंदी उठल्यावर १८५९ साली सीबोल्ड परत आला आणि मायलेकींना भेटला. तोवर तीस वर्षं उलटली होती. त्याने युरोपात, तिने जपानात दुसरा संसार केला होता. फुलावरचं नावही टिकलं नाही. वनस्पतिशास्त्रात आधीची नोंद ग्राह्य, हा नियम. थुनबर्गचं 'मॅक्रोफायला' आधीचं होतं, म्हणून ओताक्सा रद्द. जगभरच्या बागांतल्या पाट्यांवर आज आहेत ती मोठी पानंच.

एक नोंद मात्र राहिली आहे. अजिसाई हे नागासाकी शहराचं फूल आहे. मे-जूनमध्ये तिथे त्याचा उत्सव भरतो. उत्सवाच्या नावात अजिसाईचीच अक्षरं लिहितात. पण त्यांचा उच्चार करायचा तो 'ओताकुसा'. हे ऐकल्यावर हिने दोन घास शांतपणे खाल्ले आणि म्हणाली, "हे बरं केलं."