परराज्यांतील सही-शिक्क्यांचा पुरावा

जुन्या दप्तरांत वावरणारास शिरोभागीं मुद्रा आणि अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मर्यादामुद्रा दिसली, म्हणजे शिवकालीन पत्राविषयीं भरंवसा वाटूं लागतो. परंतु मुद्रा पारखण्यास ती आधीं ओळखीची असावी लागते. परराज्यांतील अधिकाऱ्याची सही न्यायाधीशाच्या ओळखीची कोठून असणार?

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें (कलम ७८) यावर असा तोड काढला. परदेशांतील सरकारी कागदाची नक्कल मूळ कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानें प्रमाणित करावी. ती तशी रीतसर प्रमाणित झाली आहे, असा नोटरीचा किंवा आपल्या वकिलाती अधिकाऱ्याचा शिक्क्यानिशीं दाखला असावा. आणि कागदाचें स्वरूप त्या देशाच्या कायद्यान्वयें सिद्ध करावें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही नियमाचा गाभा हाच आहे.

व्यवहारांत मात्र दाखल्यांची साखळी वाढत गेली. पहिल्याची सही दुसऱ्यानें ओळखावी, दुसऱ्याची तिसऱ्यानें. मग शेवटल्याची कोणी? नैयायिक ज्यास अनवस्था म्हणतात, तोच हा दोष. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग येथील करारानें तो दूर केला. करारांतील राष्ट्रांपुरता, कागद ज्या राष्ट्रांतून निघाला तेथील नियुक्त अधिकाऱ्याचा एकच दाखला पुरे होतो. त्यास 'अपोस्टिल' म्हणतात. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ समासांतील टीप. दाखल्याचा नमुना चौरस, बाजू निदान ९ सेंटिमीटर, रकाने १० आणि मथळा फ्रेंच भाषेंत. पांचव्या कलमान्वयें या दाखल्यावरील सहीस पुन्हा दाखला लागत नाहीं. संशय आल्यास सातव्या कलमाप्रमाणें ठेवलेल्या नोंदवहींत त्याचा क्रमांक ताडून पाहतां येतो. अनवस्थेचा शेवट असा नोंदवहींत झाला. भारतास हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे.

या दाखल्याची मर्यादाही ध्यानांत ठेवावी. सही खरी, सही करणाराचा हुद्दा अमुक, शिक्का अमुक कचेरीचा, इतकेंच तो सांगतो. मजकुराविषयीं तो मौन धरितो. जन्माच्या नोंदींत बापाचें नांव खोटें लिहविलेलें असलें, तरी दाखला निर्दोषच राहतो; खऱ्या वारसाचा हक्क मात्र बुडण्याची वेळ येते. शिक्का खरा ठरतांच मजकूरही खरा मानण्याचा मोह आम्हां कागद गोळा करणारांसही होतो. तरी संग्राहकांनीं आपल्या यादींत हस्ताक्षर, अधिकार आणि शिक्का यांची परीक्षा एका रकान्यांत व मजकुराची दुसऱ्या रकान्यांत नोंदवावी. पहिला रकाना भरला म्हणून दुसरा भरला असें समजूं नये.